फऱ्याचं हाड

प्रोफेसर जुमादिल एसेनगेल्दियेव न्यायावर बोलायला उभे राहिले की झूरा आधी त्यांच्या शर्टाची बटणं बघायची. एखादं उघडं राहिलेलं असायचंच. एकतीस वर्षांपूर्वी ती बिश्केकला त्यांच्या विभागात टायपिस्ट म्हणून लागली आणि तिथेच पिकली. एवढ्या वर्षांत बटणांपासून विचारांपर्यंत या माणसाचं सगळं तिनेच नीटनेटकं केलं होतं. व्याख्यानात साल चुकलं, धागा सुटला, समोरच्या मंत्र्याचं नाव आठवेना, की सर हलकेच खोकायचे आणि मान मागे टाकायचे. मागच्या खुर्चीवरून झूरा कुजबुजायची. लोक म्हणायचे, सत्तरी आली तरी काय स्मरणशक्ती आहे माणसाची.

आणि विचार म्हणाल तर ऋतूप्रमाणे. सोव्हिएत राज्यात हा गृहस्थ 'समूहाची इच्छा' या विषयावर डॉक्टर झाला. देश वेगळा झाला तेव्हा सहा महिने तोंडावर पांघरूण घेऊन घरात पडला, आणि उठला तो थेट 'व्यक्तीचं स्वातंत्र्य' नावाचं पुस्तक घेऊन. पुढे लोकांनी चौकात जमून एक राष्ट्राध्यक्ष पळवून लावला, पाच वर्षांनी दुसरा. सरांनी दोन्ही वेळा त्याच पुस्तकाला नवी प्रस्तावना जोडली. ती प्रस्तावना झूराला पाठ होती, आभार कुणाचे तेवढं बदलायचं. वाऱ्याकडे पाठ फिरवणारी मेंढरं तिने लहानपणापासून पाहिली होती. पण ती बिचारी थंडी वाजते म्हणून फिरवतात.

एक पुस्तक मात्र बरं होतं. 'समाईक घास' त्याचं नाव. पाणी, कुरण, सरपण असल्या सगळ्यांच्या मालकीच्या गोष्टी कशा वाटून घ्याव्यात, याबद्दलचं. त्याची परदेशात भाषांतरं झाली आणि सर तत्त्वज्ञ म्हणून मिरवू लागले ते त्याच्याच जिवावर. त्यातही सगळ्यांनी उचलून धरलं ते पान एकशे बारा. ते पान झूराने लिहिलं होतं.

झालं असं, की सरांचा जन्म झूराच्याच गावचा, डोंगरातल्या तेगिर्मेन-बाशीचा. पण सातव्या वर्षी शहरातल्या वसतिगृहात गेले ते गेलेच. पुस्तक लिहिताना म्हणाले, "झूरा, तुमच्या डोंगरात वाटणीचं काय करतात गं? एखादं पान टाक त्यावर." तुमच्या डोंगरात, म्हणे. तिने टाकलं. मेजवानीच्या मेंढराचा प्रत्येक भाग ठरलेल्या माणसाचा असतो: मुंडी कुणाची, कमरेचं हाड कुणाचं, जावयाला काय, सुनेला काय. पण खांद्याचं ते पसरट हाड, फरा, तो कुणा एकाचा नसतो. ज्याच्या हातात येईल त्याने त्याचे पातळ तुकडे करायचे, पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला एकेक द्यायचा आणि उरला तर आपण खायचा. फरा एकट्याने खाणाऱ्याला आपल्यात सख्खा भाऊही भाऊ म्हणत नाही. हे सगळं तिने साध्या भाषेत लिहून दिलं. त्यावर परदेशातल्या एका मासिकाने लिहिलं की लेखकाने स्वतःच्या मातीतून न्यायाचं तत्त्व खणून काढलं आहे. सरांनी ते कात्रण चौकटीत लावलं. झूराला चॉकलेटचा डबा मिळाला.

आता त्याच गावाचं उन्हाळी कुरण एका कंपनीला हवं होतं. वर हॉटेल बांधायचं, बर्फावर घसरायला येणाऱ्यांसाठी तारेवरून वर नेणारा पाळणा उभारायचा, करार एकोणपन्नास वर्षांचा. त्यासाठी गावाची संमती लागत होती, आणि गाव काही ऐकेना. कंपनीवाले हुशार. त्यांनी सरांना आपल्या सल्लागार मंडळावर घेतलं, त्यांची सत्तरी त्यांच्या जन्मगावी साजरी करायचं ठरवलं आणि कागद सोबत बांधून आणला. त्या कागदावर पहिली सही कुरण समितीच्या प्रमुखाची व्हायची होती, म्हणजे झूराच्या थोरल्या भावाची, शर्शेनची. त्याच्या मागे सगळे करणार होते. तीनशे मेंढ्या आणि चाळीस घोड्या होत्या त्याच्याकडे. कुरण गेलं की सगळं विकून साठाव्या वर्षी हॉटेलच्या फाटकावर राखणदार म्हणून उभं राहायचं, दुसरं काय.

आणि हा शहाणा सही करायला तयार होता.

मेजवानीच्या दिवशी सकाळी झूरा त्याला गाठायला चुलाणापाशी गेली. तो कढईतला फेस काढत होता.

"दादा, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"का गं? मीठ जास्त झालं?"

"मिठाचं नाही बोलत मी. सही करणारेस म्हणे."

"सर म्हणालेत, गावाच्या भल्याचं आहे."

"सर काय, उद्या म्हणतील मेंढ्यांना पंख फुटतात. त्यांना खुर्ची मिळतीय कंपनीत."

"मिळू दे की. खुर्चीवर कुणीतरी बसायचंच असतं." त्याने झारा झटकला. "हे बघ झूरा, मी दहावी शिकलेला माणूस. पण ते पुस्तक मी तीनदा वाचलंय. ते फऱ्याचं पान तर गुराख्यांना वाचून दाखवतो दर उन्हाळ्यात. आपल्या आजोबांनी सांगावं तसं लिहिलंय. ज्याने ते लिहिलं तो आपल्या तोंडचा घास काढेल? मला नाही पटत."

ते पान मी लिहिलंय, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते तिथेच अडलं. एक तर दादाने ते थट्टेवारी नेलं असतं. आणि दुसरं म्हणजे सवय. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या नावावर शहाणपण जमा करत बसलं की स्वतःचं म्हणून मागायला जीभ वळत नाही. सरांचा तिला तिटकारा होता, पण त्या क्षणी तिला स्वतःचा जास्त आला.

"आज फरा मी त्यांनाच देणारे," शर्शेन म्हणाला. "मान आहे त्यांचा."

दुपारी लोकरीच्या नमद्याच्या मोठ्या तंबूत पंगत बसली. सरांच्या खांद्यावर भरजरी झगा चढवला, डोक्यावर पांढरी उंच टोपी ठेवली. टोपी जरा सैल होती, कपाळावर घसरत होती. डाव्या हाताला कंपनीचा माणूस, मारात, गुडघ्यांचं काय करावं हे न कळून अवघडलेला. उजव्या हाताला बुरुलआजी, वय एक्याण्णव, तोंडात दोन दात, आणि फऱ्याचं मऊ मांस हा तिच्या आयुष्यात उरलेला एकमेव शौक. झूरा नेहमीसारखी सरांच्या मागे, फक्त आज खुर्चीऐवजी समोवार होता आणि ती चहा ओतत होती.

शर्शेन लाकडी ताट दोन्ही हातांवर घेऊन आत आला. मुंडी त्याने गावच्या सगळ्यात म्हाताऱ्या पुरुषापुढे ठेवली आणि फरा सरांपुढे.

"सर, मुंडी वडीलधाऱ्याला नाहीतर पाहुण्याला देतात. तुम्ही पाहुणे नाही, घरचे. म्हणून फरा," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. एवढं बोलायला त्याने रात्रभर तयारी केली असणार.

सरांचे डोळे मुंडीमागे गेले. अपेक्षा मुंडीची होती. लहान पोराच्या हातातून खाऊ जावा तसा चेहरा झाला, मग त्यांनी तो सावरला आणि सुरी उचलली.

"मित्रांनो," ते म्हणाले, "न्याय म्हणजे काय?"

आणि फऱ्यावरचा पहिला तुकडा कापून त्यांनी तोंडात टाकला.

लोकांनी समजून घेतलं. होतं असं, म्हातारा माणूस, भूक लागली असेल.

"न्याय म्हणजे सगळ्यांना सारखं नव्हे." दुसरा तुकडा गेला. "वस्तूचं चीज ज्याच्या हातून होतं, ती त्याच्या हाती जाणं म्हणजे न्याय. आता हे कुरण घ्या. वर्षातले चार महिने मेंढ्या चरतात. बाकी आठ महिने नुसतं बर्फ. ही नासाडी आहे." तिसरा. "समाईक म्हणजे सगळ्यांचं, ही आपली जुनी समजूत. ती सोडायला हवी."

बुरुलआजीने हात पुढे केला होता. तळवा वर. पहिल्या तुकड्याच्या वेळीच केला होता आणि तिला वाटत होतं, आता येईल. सर तिच्या हातावरून पलीकडच्या मिठाकडे वाकले, चिमूटभर मीठ घेतलं आणि चौथा तुकडा खाल्ला.

तंबूत चमच्यांचा आवाज थांबला. शर्शेन ताट हातात धरून तसाच उभा होता. आपण बघतो आहोत ते खरं की काय, असं काहीतरी त्याच्या तोंडावर होतं. झूराला त्याच्याकडे बघवेना.

इतकी शांतता झाल्यावर सरांनाही जाणवलं. काय चुकलं ते कळलं नाही, चुकलं एवढं कळलं. ते हलकेच खोकले आणि त्यांनी मान मागे टाकली. कान झूराच्या तोंडापाशी आला. पिकलेल्या केसांचा झुबका असलेला तो कान ती एकतीस वर्षं ओळखत होती.

दोनच शब्द होते. सर, वाटा. एवढं म्हटलं असतं तर माणूस असा तरबेज की त्याने लगेच उरलेलं मांस वाटलं असतं, वर 'तुमची परीक्षा घेत होतो' असं म्हणून टाळ्याही घेतल्या असत्या. आणि दादाने सही केली असती.

"चहा घ्या, सर," झूरा म्हणाली आणि तिने त्यांची वाटी काठोकाठ भरली. पाहुण्याची वाटी अर्धीच भरतात. काठोकाठ भरली की प्या आणि निघा, हे गावात शेंबड्या पोरालाही कळतं. सरांनी चहा प्यायला, पुन्हा सुरी घेतली आणि बोलत बोलत फरा पांढरा होईपर्यंत तासला. बुरुलआजीने हात मागे घेतला आणि झग्याला पुसला. पुसायला त्यावर काही नव्हतं.

दुवा झाली, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. पोरींनी तस्त फिरवून सगळ्यांच्या हातांवर गरम पाणी घातलं, टॉवेल दिले. मग मारातने चामडी पिशवीतून कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि शर्शेनपुढे धरलं.

"प्रमुखांपासून सुरुवात करू या."

शर्शेनने पेनाकडे बघितलं, मग सरांच्या पुढ्यातल्या हाडाकडे. त्याच्या हातात टॉवेल अजून ओला होता.

"माझे हात तेलकट आहेत," तो म्हणाला.

मारात हसला. "आत्ता तर धुतलेत की."

"तरी तेलकट आहेत. कागद खराब व्हायचा."

मारातने पेन पुढच्याकडे नेलं. त्या म्हाताऱ्याने आपले सुके, स्वच्छ तळवे निरखून पाहिले आणि मान हलवली. "माझेही." त्याच्या शेजारच्याचेही तेलकट होते. त्याच्या पलीकडच्याचेही. पेन सगळ्या पंगतीतून फिरून आलं. कुणी हसलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. शेवटी ते बुरुलआजीपाशी आलं.

"मला घासभरही मिळाला नाही, बाबा," आजी म्हणाली. "पण माझेही हात तेलकट आहेत."

तासाभराने गाडी निघाली तेव्हा सर मागच्या सीटवर झग्यात गुरफटून बसले होते. मारात पुढे बसला होता, त्यांच्याशी बोलत नव्हता. सरांनी काच खाली केली.

"बस झूरा. वाटेत एक लेख सांगतो. 'जनता अजून परिपक्व नाही' असं काहीतरी."

"मी राहतेय इथे."

"किती दिवस?"

"बघू."

त्यांनी झगा सावरला. मग खोकले आणि सवयीने मान तिच्याकडे कलती केली. "काय झालं गं नक्की? कुठे चुकलं माझं?"

"घरी गेल्यावर पान एकशे बारा वाचा, सर."

"बरं," ते म्हणाले आणि खिशातून पेन काढून तळहातावर आकडा लिहून घेऊ लागले. लिहिता लिहिता थांबले.

"कुणाच्या पुस्तकातलं?"

शर्शेन तिच्या मागे उभा होता. त्याने ते ऐकलं. गाडी वळणाआड गेल्यावर त्याने बहिणीकडे बघितलं, आजोबांकडे बघावं तसं.