सेरवाचे केस आणि मी

मी एक जुनी लाकडी फणी आहे. मित्रांनो, सेरवाचे केस गेले हे त्या घरात सगळ्यांत आधी मला कळलं. शुक्रवारची सकाळ होती. तिच्या मावशीने मला मानेजवळ खुपसून वर ओढलं. केसांत फणी थोडी तरी अडते. त्या दिवशी मी कुठेच अडले नाही. माझ्या दातांत अख्खा झुपका आला होता, आणि तो आल्याचं सेरवाला कळलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईला पुरायचं होतं.

तिची आई न्यार्को ही माझी मालकीण. मला घडवलं तिच्या नवऱ्याने, आसारेने. घानातल्या आमच्या अहविया गावात घरोघरी लाकूड कोरतात, आणि पुरुष आपल्या होणाऱ्या बायकोला स्वतः कोरलेली फणी देतो. बाकीचे नाजूक फण्या करतात, वर पक्षी कोरतात. आसारेने मला जाड केलं, दात लांब आणि विरळ ठेवले. न्यार्कोने मला उलटसुलट करून पाहिलं आणि बहिणीला म्हणाली, "हा मला नटवायला नाही, राबवायला नेतोय गं." मग हसली आणि त्याच संध्याकाळी मला केसांत घातलं.

ती ओसरीवर बायकांचे कुरळे केस क्रीम लावून सरळ करून द्यायची. पण तिचं खरं नाव झालं ते बिघडलेले केस सावरण्यात. बायका घरीच ते क्रीम लावायच्या, आग झाली की घाबरून लवकर धुवायच्या. मग केस अर्धे सरळ, अर्धे कुरळे. अशा बाईला न्यार्को आधी घरी पाठवायची. "दोन आठवडे पाणी आणि तेल, दुसरं काही नाही. कच्चा राहिलेला भात पुन्हा चुलीवर ठेवता येतो. करपला की कोंबड्यांना." दोन आठवड्यांनी ती चार केस कापून त्यांच्यावर क्रीम लावून बघायची. ते तुटले नाहीत तरच पुढचं काम. आग होऊ नये म्हणून टाळूला शिया झाडाच्या बियांचं लोणी, सरळ झालेल्या केसांनाही लोणी, आणि क्रीम फक्त कच्च्या भागाला. मग क्रीम उरलं की गुलाबी फेस देणाऱ्या खास शाम्पूने, फेस पांढरा येईपर्यंत धुणं. धातूचा कंगवा त्या क्रीमला चालत नाही, म्हणून काम माझ्याकडे. क्रीमने माझा रंग उडाला, दातांची टोकं भुसभुशीत झाली. बायका न्यार्कोला दुवा द्यायच्या. ती मला धुऊन सावलीत वाळवायची. मला तेवढं पुरत होतं.

मग ती पोटाच्या दुखण्याने गेली. नातेवाईक जमेपर्यंत तिला शवागारात ठेवलं. मी फळीवर पडून राहिले. कधीकधी आसारे मला हातात घ्यायचा, नाकाशी धरायचा आणि परत ठेवायचा. कोरायला घेतलेलं स्टूल त्याने अर्धंच सोडलं होतं.

अंत्यविधीच्या आठवड्यात कुमासी शहरातून ब्रागो आली, न्यार्कोची थोरली बहीण. आमच्याकडे मूल आईच्या कुळाचं. त्यामुळे आल्या दिवसापासून घर तिचं झालं.

शाळेत मुलींचे केस बारीक कापतात. सेरवाची शाळा गेल्या वर्षी संपली आणि जन्मात पहिल्यांदा तिचे केस वाढले होते. ती सारखा हात लावून बघायची.

ब्रागो म्हणाली, "केस करणारीची लेक आणि डोक्यावर हे रान? लोक आईला सोडून तुलाच बघत बसतील."

बुधवारी तिने क्रीम लावलं. लोणी लावायचं विसरली. सेरवा ओरडली, "मावशी, आग होतेय!"

"आग होणारच. सुंदर दिसायला काय फुकट मिळतं?"

पण पोरगी रडून बेजार झाली तेव्हा घाईने धुतलं. पुढचे केस सरळ, मागचे जसेच्या तसे. नळावर मुलींनी ताल धरला, "पुढून नवरी, मागून बकरी!" सेरवा रिकामी बादली घेऊन घरी आली.

गुरुवारी ब्रागोने पुन्हा डबा उघडला. आसारे ओसरीवरून उठला.

"ताई, आज नको. न्यार्को दोन आठवडे थांबायची. आणि सगळ्या डोक्याला नाही, फक्त मागे. चार केस कापून बघा तरी."

"न्यार्कोचे नियम न्यार्कोबरोबर गेले."

"पोरीचे केस जातील, ताई."

"पोर आमच्या कुळाची आहे, आसारे. तू तिचा नुसता बाप. जा, लाकूड कोर."

त्याने सेरवाकडे पाहिलं. ती म्हणाली, "राहू द्या बाबा. परवा सगळे येतील. मला बकरी म्हणून नाही बसायचं आईजवळ."

ब्रागोने मला उचललं आणि सगळं डोकं क्रीमने माखलं. सरळ केसांवरून मी पुन्हा पुन्हा ओढली गेले. ते चिंगमासारखे ताणत होते. मी लाकूड आहे, मित्रांनो. लाकडाला कोणाचा हात धरता येत नाही.

शुक्रवारी काय झालं ते मी सांगितलंच. ब्रागोने झुपका पाहिला, दार लावलं आणि वस्तरा मागवला. उरलेले केसही उतरवले. टाळूवर ठिकठिकाणी खपल्या होत्या.

"ऐक," ती म्हणाली, "कोणी विचारलं तर सांगायचं, आईच्या दुःखात काढले. पूर्वी काढायचेच."

"पण मावशी, मी तर..."

"आईच्या मयताला माझी शोभा करणार आहेस?"

शनिवारी अंगणात मयताचे लाल-काळे कपडे घातलेले लोक भरले. एका म्हातारीने सेरवाचं डोकं दोन्ही हातांत धरलं. "आजकालच्या पोरी आईसाठी नखं कापत नाहीत. हिने केस दिले!" खपलीवर अंगठा दाबला गेला आणि सेरवा कळवळली. बायका म्हणाल्या, "बघा, किती माया!"

ब्रागोने डोळे पुसले. "मी नको नको म्हणत होते. ऐकलंच नाही पोरीने."

आसारे बोलायला उभा राहिला. न्यार्कोच्या मामाने त्याचा दंड धरून खाली बसवलं. "पाहुण्यांसमोर नको. आमच्या घरचं आम्ही बघू."

सेरवाला सगळ्यांचे हात हातात घेऊन आभार मानावे लागले. ज्या मुली नळावर गात होत्या, त्याही येऊन गेल्या.

मित्रांनो, केस बिघडले तर थांबा. डोकं दुसऱ्याचं असेल तर आणखी थांबा. घाई तुमची असते, टाळू तिची.

ब्रागो कुमासीला परत गेली. गावात आईवेड्या मुलीचं उदाहरण म्हणून सेरवाचं नाव घेतात, आणि ती मान खाली घालून ऐकते. मामाने घरचं काही बघितलेलं नाही. सेरवाने केस काढले नव्हते, ते जाळले गेले, हे अहवियात अजून कोणी कोणाला सांगितलेलं नाही.