नळातले शिंपले

ठाण्याच्या तळ्यात शिंपले नवे नव्हते. पण तळ्याचं पाणी गावात आणणाऱ्या नळात शिरलेली ही जात परकी होती. बोटाच्या पेराएवढी, काळसर, चिवट तंतूंनी लोखंडाला चिकटून बसणारी. साहेबलोकांच्या सहलीसाठी दुसरीकडून होडी आणली, तिच्या बुडाला लागून ती आली, असं पाणीखात्याच्या ओव्हरसियर त्र्यंबकचं मत. वर्षभरात नळाची धार करंगळीएवढी झाली.

त्याचे वरिष्ठ रावसाहेब म्हणाले, "नळात मोरचूद सोडा. मरतील."

"मोरचूद विष आहे, आणि तेच पाणी पेठेतली पोरंबाळं पितात, रावसाहेब. नळ आठवडाभर कोरडा ठेवू. शिंपले सुकून मरतील, मग खरवडून काढू."

"आणि साहेबांच्या बंगल्यांना पाणी कोण देणार? उद्या मोरचूद पडलाच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मोरचुदाची पोती उतरायच्या आत त्र्यंबकने तळ्याकडची झडप बंद केली, कुलूप घातलं आणि सखल भागातली, नळ रिकामा करायची तोटी मोकळी सोडली. भर बाजारातून नळाचं सगळं पाणी गटाराला लागलं. मोरचूद कालवायला नळात पाणीच उरलं नाही.

रावसाहेब धावत आले. "तुम्ही आजपासून कामावर नाही. किल्ली ठेवा."

"नोकरी घ्या. किल्ली नळ साफ झाल्यावर मिळेल."

कुलूप फोडताना झडप मोडली तर पाणी कायमचंच अडकेल, म्हणून रावसाहेबांना थांबावं लागलं. गाव खवळलं. घरी बायको सुमती घागर उतरवत म्हणाली, "अहो, तळ्यावर बायका तोंडावर बोलतात. तुझ्या नवऱ्यापायी आमची कंबर मोडली म्हणतात."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, माझीही मोडतेय. भरा घागर नि चला."

त्र्यंबकला हसू फुटलं. पण शिंपले मेले नाहीत तर गावात तोंड दाखवायला जागा नव्हती.

ते मेले. सडक्या वासाने पेठेने नाकाला पदर लावला. सहदेव कोळी आणि त्याचे भाऊ आपणहून आले. नळाच्या तोंडातून मोरचूद तळ्यात उतरला असता तर त्यांची मासळी गेली असती. लोखंडी काटे लावलेली साखळी त्यांनी नळातून ओढली, तशी टोपल्या भरभरून शिंपले निघाले. झडप उघडल्यावर मनगटाएवढी धार पडली.

त्र्यंबकने किल्ली रावसाहेबांच्या टेबलावर ठेवली. "पुढच्या वर्षी शिंपले नळाला परत धरतील. तेव्हाही मोरचूद पडू देणार नाही."

"कुठल्या अधिकाराने? तुम्ही आता कोणी नाही."

"पाणी पितो ना, त्या."

नोकरी परत मिळाली नाही. तो कल्याणला विहिरी बांधायच्या कामावर लागला, पण बिऱ्हाड ठाण्यातच ठेवलं.