पिवळ्या खोक्याचं ब्लीच

माझ्या पार्लरमधल्या केसांच्या ब्लीच क्रीमच्या दोन बाटल्या गायब झाल्या, तेव्हाच मला दादाचा संशय आला. जुने कॉम्प्युटर गोळा करून दुरुस्त करायचं त्याला वेड आहे. केस करायला आलेल्या गिऱ्हाईक बाईंना तशाच खुर्चीत बसवून मी तणतणत गच्चीवर गेले.

दादा एका जुनाट कॉम्प्युटरच्या पिवळ्या पडलेल्या खोक्याला माझं क्रीम फासत होता.

"हे लावून उन्हात ठेवलं की पांढरं होतं," तो म्हणाला.

त्याची खरडपट्टी काढायलाच मी आले होते, पण त्याचं काम बघून माझं डोकंच फिरलं. कुठे नुसतं थापलेलं, कुठे कोरडं ठणठणीत.

"अशाने पट्टे उठतील. सरक तिकडे."

मी ब्रश हिसकावला, कडांपासून एकसारखा थर दिला, वर प्लास्टिक गुंडाळलं आणि दर दहा मिनिटांनी खोकं उन्हात फिरवत बसले. संध्याकाळी ते दुधासारखं पांढरं निघालं, आणि आम्ही दोघं त्याच्याभोवती वेड्यासारखे नाचलो.

आता दर शनिवारी दादाचे मित्र मांडीवर एकेक खोकं घेऊन पार्लरमध्ये रांगेत बसतात. त्या दिवशी खुर्चीत ताटकळलेल्या त्या बाई मात्र हल्ली आधी फोन करून विचारतात, "आज माणसांचे केस करताय ना?"