समोरचा हात

मी एक जुने जाते आहे, मित्रांनो. प्रार्थनाघरामागच्या पडवीत बसून आहे. माझ्या तोंडात मुंग्यांनी घर केले आहे, पण खुंटा अजून घट्ट आहे.

बोरी अरबच्या बाजारात फकिरा पाथरवटाने मला घडवून विकले. विकताना त्याने एवढेच सांगितले, "दाना नसला त याले हात लावू नका. रिकामं जातं दगड खाते."

इथल्या ख्रिस्ती वस्तीतली पंचफुला माझ्यावर दळत असे. साऱ्या मंडळीचे दळण ती करी. रविवारी प्रार्थनेत येशूच्या नावाने सगळे वाटून खात, त्या प्रभुभोजनाची भाकरही तीच भाजी. लोक म्हणत, पंचफुलेसारखी सेवा कोणाची नाही. तिच्याबरोबर माझीही स्तुती होई, आणि मला ते आवडे. पण भाकरीचे ताट फिरू लागले की ती दाराजवळ मान खाली घालून बसे. तिने कधी तुकडा घेतला नाही.

१९५८ च्या उन्हाळ्यात वस्तीतली ज्वारी सरत आली. एका टळटळीत दुपारी, कुत्रेही हलत नसताना, पंचफुला आली आणि मला रिकामेच फिरवू लागली. दगडावर दगड. कोणी झोपेत दात खावेत तसा आवाज. तो माझा आहे हे मला पटेना. मग समोरच्या बाजूने खुंट्यावर दुसरा हात जाणवला. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात, हे मला माहीत होते. पण समोर कोणीच नव्हते. हात म्हातारा होता, आणि त्या उन्हातही गार होता.

पंचफुला तिकडे पाहून पुटपुटली, "दळून राह्यली ना, आत्याबाई."

असे रोज चालले. मी दिवसेंदिवस जड झाले की तीच थकली, कळेना. तिचे तळवे फुटले. गळ्याची हाडे वर आली. आणि माझ्या दगडाची पूड माझ्याच पोटात साचून पुढच्या पिठात मिसळली.

एका रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी भाकर चावताना साऱ्या प्रार्थनाघरात कर्रकर्र ऐकू आली. प्रार्थना संपताच मथुराबाई, वस्तीतली सर्वांत म्हातारी बाई, उरलेला तुकडा पदरात घेऊन पडवीत आली. पंचफुला तिच्याआधीच येऊन मला फिरवत होती.

"काय वो पंचफुले, मले दोनच दात राह्यले. तेबी आज नेतं काय?"

पंचफुला थांबली नाही.

"रिकामं कायले फिरवून राह्यली?"

"मागच्या टंचाईच्या साली आत्याबाईनं, माह्या सासूनं, भाकर मांगतली, मावशी. मडक्यात पीठ होतं. मी नाई म्हनलं. सकाळी बुडी मेलेली भेटली. तवापासून दळून राह्यली. पाप जाईन, तवाच प्रभूच्या भाकरीले हात लावीन. बुडी समोर बसते. खुंटा ढकलते. म्हनते, अजून दळ."

"किती दळलं म्हंजे पुरन?"

"माईत नाई."

"येशूच्या बाजूले क्रुसावर टांगलेल्या चोरानं काय दळलं होतं वो? त्याचे त हातबी खिळले होते. तरी प्रभूनं त्याले संग सर्गात नेलं." मथुराबाईने खुंट्यावर आपला तळवा ठेवला. "डोये मिट. लाव जोर. सांग, बुडी ढकलते का धरून ठेवते?"

पंचफुलेने सगळा जोर लावला. मी तसूभर हलले नाही.

"तुमीच धरलं असन, मावशी."

"डोये उघड."

मथुराबाईचे दोन्ही हात तिच्या पदरात होते.

मित्रांनो, मी दगड आहे. मला जाणवले ते सांगते. तो हात पहिल्या दिवसापासून मला थांबवत होता. पंचफुला त्याच्याविरुद्ध दळत होती.

तिने खुंटा सोडला. फुटलेला तळवा पुढे केला. मथुराबाईने त्यावर तुकडा ठेवला. पंचफुलेने तो तोंडात घातला, आणि तिच्याच मेहनतीचा दगड तिच्या दाताखाली कर्रकर्र वाजला.

"लय गोटे आहेत वो, मावशी," ती रडता रडता हसली.

"मंग! चावू नोको. गिळून घे."

पुढे ती माझ्यावर पुष्कळ दळली, पण दाणे घालून, आणि समोर मथुराबाईला बसवून. १९६४ साली गावात चक्की आली आणि माझ्याकडे कोणी फिरकेना. आता फक्त तुम्ही येता, खेळायला.

या, जरूर या. मला झाडून ठेवा, मुंग्यांना हाकला. फक्त रिकामे फिरवू नका, मूठभर दाणे आणा. आणि फिरवताना खुंटा एकाएकी जड झाला, तर घाबरू नका. जोरही लावू नका. हात काढून घ्या.