उरलेल्या कामाची गाठ

मन्नाएखेळ्ळीत हायवेला लागून राजपालचं टायरचं दुकान. दुकानामागच्या घरात त्याची थोरली बहीण पंचशीला दिवसभर लॅपटॉपपुढं बसलेली. पोरगी काय करते, असं कुणी विचारलं की त्यांची माय सुमनबाई ऐटीत सांगायची, "कम्प्युटरच्या पोटातलं काम करायलीय!"

काम खरंच पोटातलं होतं. पंचशीला कर्नेलमधल्या, म्हणजे कम्प्युटरच्या गाभ्यातल्या, फाइल सिस्टिमचं कोड लिहायची. मोठी फाइल एका दमात पुसता येत नाही. म्हणून आधी लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, 'हे करायचंय' अशी नोंद, मग तुकड्यातुकड्यानं काम, अन् सगळं उरकलं की 'झालं' अशी नोंद. मधेच लाइट गेली तर मशीन उठल्यावर लॉग वाचतं अन् राहिलेलं पुरं करतं. आमच्याकडच्या लाइटीचं काय सांगावं, ती कधी येते अन् कधी जाते ते तिचं तिलाच ठाऊक! पण कोडात कुठंतरी खोट होती. राहिलेलं काम चालू असताना लाइट दुसऱ्यांदा गेली, की डिस्कवरची काही जागा हरवायची. धड रिकामी नाही, धड भरलेली नाही. पंचशीला त्या खोटीमागं हात धुऊन लागली होती, अन् खोट काही सापडत नव्हती.

सुमनबाई मागं टाकलेलं काम पदराच्या गाठीत बांधायची. नुसती गाठ नाही, आत खूणही. डाळ करायला गिरणीत जायचं तर तुरीचे दाणे, शर्ट नीट करायचा तर गुंडी. काम झालं की गाठ सुटायची.

अन् एका सकाळी भाकरी थापता थापता सुमनबाई चुलीपाशीच आडवी झाली. गुलबर्ग्याच्या दवाखान्यातून परत आणली तेव्हा उजवं अंग लुळं, वाचा गेलेली. डोळे मात्र तेच, जागच्या जागी माणसाला उभं करणारे. डावा हात उचलून ती खिडकीकडं दाखवायची, मग पदर चाचपायची. पदर नव्या लुगड्याचा, त्याला गाठ कुठली असणार? राजपालनं खिडकी लावली, तिनं मान हलवली. उघडली, तरी मान हलवली. अन् चमचा पुढं केला की दात घट्ट! डॉक्टरांनी बजावलं होतं, पोटात अन्न गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल.

"अक्का, माय कामून खाईना?" राजपाल रडकुंडीला आला.

पंचशीलाला त्या दिवशीचं लुगडं आठवलं. दवाखान्याच्या पिशवीत ते तसंच कोंबलेलं होतं. पदराला तीन गाठी! तिनं भराभर तिन्ही सोडल्या. तुरीचे दाणे, गुंडी, अन् निळ्या दोऱ्याचा गुंता. दोरा पदराचाच सुटला असेल म्हणून तिनं तो केरात टाकला. तूर भरडून आणली, राजपालच्या शर्टाला गुंडी लावली, अन् दोन्ही मायपुढं धरलं. "झालं बघ माय सगळं!"

सुमनबाईनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, अन् हात पुन्हा खिडकीकडं गेला.

पंचशीला चिडून, थकून लॅपटॉपपुढं जाऊन बसली. दुपारचं ऊन त्याच खिडकीतून थेट स्क्रीनवर आलं. रोजच्यासारखा तिनं ऊन अडवायचा पुठ्ठा उचलला अन् हात तिथंच थांबला. मागं एकदा माय याच खिडकीपाशी दोरा धरून उभी होती. अन् आपण काय म्हणालो? "मधी मधी येऊ नको माय, कामात हाय मी."

ती केराच्या डब्याकडं धावली. दोरा सापडला, धुळीनं माखलेला. बारीक दोन गाठी होत्या त्यात. एक रुंदीची, एक उंचीची. खिडकीला लावून बघितला, तंतोतंत. पडद्याचं माप!

"माझ्यासाठीच होतं की गं," असं म्हणत ती खाली बसून ढसाढसा रडली. दोन कामं उरकून तिनं तिन्ही झाली म्हणून सांगितलं होतं, अन् तिसऱ्याची खूण स्वतःच्या हातानं केरात घातली होती.

डोळे पुसता पुसता तिला कोड दिसलं. तिथंही हेच चाललं होतं! उरलेलं काम हाती घेतलं की तिचं कोड जुन्या नोंदीपुढं आधी 'झालं' लिहायचं, अन् बाकीच्याची नवी नोंद मागाहून. त्या मधल्या फटीत लाइट गेली, तर काम उरलंय हे सांगणारं कुणीच नाही. जुनी गाठ सोडायची तर त्याच दमात नवी मारायची, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, झाली तर दोन्ही, नाहीतर एकही नाही.

पण आधी तिनं दोरा आपल्या ओढणीच्या टोकात बांधला, अन् तडक गुंडप्पा शिंप्याकडं गेली. गुंडप्पानं माप घेतलं तरी दोरा तिनं परत आणला, पुन्हा गाठीत घातला. संध्याकाळी कोड बदललं, चाचणीच्या मशीनचा प्लग पुन्हा पुन्हा उपटून पाहिला. जागा हरवली नाही.

दुसऱ्या दिवशी पडदा लागला. निळा, जाड. ऊन अडलं. सुमनबाई टक लावून बघत राहिली.

पंचशीलानं ओढणीचं टोक मायच्या डाव्या हातात दिलं. "तुझं काम हाय, तूच सोड."

नखं गाठीवरून घसरली. राजपाल मदतीला पुढं झाला, पंचशीलानं त्याला मागं ओढलं. "थांब रे, तिला करू दे."

शेवटी सुमनबाईनं दात लावले. गाठ सुटली, दोरा मांडीवर पडला.

मग तिनं तोंड उघडलं. राजपालनं वरणाचा चमचा पुढं केला.