धुलाईखान्याबाहेरचा फळा

मी फळा बोलतोय. शाळेतला नव्हे, सरकारी दवाखान्यातल्या कामगार संघटनेचा. जन्मानं मी औषधांच्या कपाटाचं दार. कपाट भंगारात निघालं तेव्हा दवाखान्याच्या सुतारानं मला वाचवलं, काळा रंग फासला आणि धुलाईखान्याबाहेरच्या भिंतीवर ठोकलं. तेव्हा संघटना म्हणजे सतरा माणसं आणि एक बाक. साहेबांसमोर ज्यांची दातखीळ बसायची, ती माणसं माझ्यावर खडूनं लिहायची आणि साहेब येऊन मुकाट्यानं वाचायचे. मला याचं भारी नवल वाटे.

एके वर्षी कपडे पिळायच्या यंत्रात एका धुलाईवाल्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. 'आता कामाचा नाही' असा शेरा मारून वरिष्ठांनी त्याला घरी बसवलं. घरी म्हातारी आई आणि दोन लहान मुली. संघटनेच्या चिटणिसांनी माझ्यावर ठळक लिहिलं, 'कामगार बंधूंनो, आपल्या माणसाला परत घेईपर्यंत उद्यापासून काम बंद. रुग्णांपाशी असणाऱ्यांनी मात्र जागा सोडू नये.'

सकाळी सगळे पुरुष फाटकाशी उभे राहिले. धुलाईखाना मात्र धडधडत होता, कारण तिथं आता सगळ्या बायकाच. चिटणीस घामाघूम होऊन धावत आले.

"मावशी, तुम्ही कामावर कशा?"

सगळ्यांत जुनी धुलाईवाली पदराला हात पुसत बाहेर आली. "फळ्यावर बंधूंनो लिहिलंय. आम्ही चोवीस जणी काय तुमचे बंधू?"

"अहो, सगळ्यांना धरूनच लिहायची पद्धत आहे ती."

"धरून लिहिता, मग धरून विचारायचं पण होतं की."

चिटणिसांचा चेहरा उतरला. पण माणूस दिलदार. त्यांनी खडू मावशींच्याच हातात दिला. मावशींनी 'बंधूंनो'च्या आधी 'बहिणींनो' लिहिलं. वेलांटी चुकली, पण कुणी हसलं नाही. मग त्यांनी आत जाऊन यंत्रं बंद केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला फाटकावरच्या माणसांचं बोलणं ऐकू आलं. अंगावर काटा येतो म्हणतात, तो हाच असावा. दुपारी धुतलेल्या चादरी संपत आल्या तसे साहेब स्वतः वाचायला आले. संध्याकाळी त्या माणसाला हलक्या कामावर परत घेतलं.

तेव्हापासून संघटनेच्या सूचना तोच लिहायचा, डाव्या हातानं. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. पण एकवीस वर्षं सगळा दवाखाना ते वाचत आला आणि मी ते मिरवत आलो.

गेल्या महिन्यात त्यानं शेवटचं लिहिलं, 'उद्या चार वाजता माझा निरोप समारंभ. सर्वांनी यावे.' सगळे आले, रडले, गेले. आता ते अक्षर पुसायला कुणाचा हात धजत नाही. नव्या सूचना मोबाईलवर जातात.

माझी एकच विनवणी आहे, पुसा मला. त्याला वाईट वाटायचं नाही. आत ठेकेदारानं कामाला लावलेल्या सहा पोरी कपडे धुतात. कायम करावं लागू नये म्हणून अकरा महिने भरले की त्यांना घरी पाठवतात. संघटनेच्या यादीत त्यांचे मोबाईल नंबर नाहीत, जाता-येता त्या मलाच बघतात. या शनिवारी त्यांचे अकरा महिने भरतायत. आज शुक्रवार आहे, आणि माझ्यावर त्यांच्याबद्दल एक ओळ नाही.