उघड्या अ‍ॅम्पमधला हात

उद्या लेस्कोवॅत्सला लग्नात वाजवायचं होतं आणि तिहोमिरचा गिटारचा अ‍ॅम्प वुकाशिनच्या टेबलावर उघडा पडला होता. आवाज वाढवणारे काचेचे नवे व्हॉल्व्ह बसले होते. आता त्यांना व्होल्टेज किती मिळतं आणि त्यांच्यातून करंट किती वाहतो, ते मोजून बेतात आणायचं होतं. निश शहरातले निम्मे वाजवणारे याच कामासाठी वुकाशिनकडे येत.

अडचण एवढीच की वुकाशिनचा उजवा हात थरथरायला लागला होता. ते फक्त बायकोला ठाऊक होतं. आणि आज समोर बसला होता नेमका तिहोमिर, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. हा बोलला की धंदा बसलाच.

वुकाशिनने अ‍ॅम्प चालू केला आणि सवयीने डावा हात खिशात घातला. चालू अ‍ॅम्पमध्ये एकच हात घालायचा. दोन्ही गेले तर वीज छातीतून जाते. मीटरचं टोक त्याने व्हॉल्व्हच्या पायाशी नेलं. तिथे साडेचारशे व्होल्ट होते. टोक नाचायला लागलं.

"रात्रीची उतरली नाही वाटतं, वुको?"

"जावयाने राकिया आणली होती. जहाल निघाली," वुकाशिन म्हणाला. आयती सबब मिळाली होती.

टोक स्थिर झालं. त्याला हायसं वाटलं, आणि मग दिसलं: खिशातल्या डाव्या हाताने नकळत बाहेर येऊन उजवं मनगट धरलं होतं आणि डावं कोपर अ‍ॅम्पच्या पत्र्यापासून बोटभर वर होतं. ते टेकलं असतं तर वीज छातीतूनच गेली असती.

त्याने हात काढले, अ‍ॅम्प बंद केला, प्लग उपसला. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज मीटर शून्य दाखवीपर्यंत उतरू दिली. मग व्होल्टेजचा एक आणि करंटचा एक, अशा दोन्ही मीटरांचे चिमटे निवांत आत अडकवले.

"आता चालू केल्यावर आत हात घालायलाच नको."

"मग आधीच का नाही केलंस असं?"

"मिजास, दुसरं काय. आणि राकिया नव्हती रे. हात थरथरतो माझा. वाढतच चाललंय."

तिहोमिर पुढे सरकून बसला. अ‍ॅम्प पुन्हा चालू झाला. व्होल्टेज ठीक होतं, करंट जास्त. तो कमी करायचा स्क्रू मागे, बाहेरच्या बाजूला होता. वुकाशिनने फिरवून पाहिला. आकडा खालीवर उड्या मारू लागला. त्याने स्क्रूड्रायव्हर तिहोमिरच्या हातात दिला.

"मी?"

"हळू. डावीकडे. अजून जरा. बस."

आकडा जागेवर थांबला. वुकाशिनने कपाळ पुसलं.

"आता गावभर करशीलच. तर हेही सांग, येताना हात स्थिर असलेला एक माणूस घेऊन या. डोकं माझं शाबूत आहे."